पेपर स्प्रे घेताय? टक्के नंतर बघा, आधी बटण बघा

पेपर स्प्रेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात स्ट्राँग कुठला? आणि लगेच दुसरा, सगळ्यात छोटा कुठला, म्हणजे पर्समध्ये मावेल असा. हे दोन्ही प्रश्न मी सगळ्यात शेवटी ठेवते. मी स्वतः बरीच वर्षं स्प्रे जवळ बाळगते, घरातल्या मुलींना घेऊन दिलाय, मैत्रिणींना वापरायला शिकवलंय, आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते, की वस्तू हौसेने घेतली जाते, पॅकिंग फोडलं जातं, दोन दिवस कौतुक होतं आणि मग ती बॅगेच्या तळाशी जाऊन बसते, रुमाल चार्जर जुनी बिलं या सगळ्याच्या खाली, आणि तिथेच तिची एक्स्पायरी होऊन जाते. समोर माणूस अंगावर येतोय आणि तुमचा हात बॅगेत चाचपडतोय, तर त्या क्षणी तुमच्याकडे स्प्रे नाहीये, मग तो कितीही महागाचा असो.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. १९८३ मध्ये डेनिस ट्युलर नावाच्या एका अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने साधा हिशोब मांडला होता, की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपासचं अंतर, साधारण दीड सेकंदात पार करतो. दीड सेकंद! तेवढ्या वेळात बॅगेची चेन पण पूर्ण उघडत नाही. आणि बहुतेक स्प्रेची पोहोच तर याच्या अर्धीच असते, त्यामुळे स्प्रे आधीपासून हातात असणं हीच अर्धी लढाई आहे, बाकीची अर्धी म्हणजे त्या हाताला बटण कुठे आहे हे न बघता कळणं.

आता तो करतो काय ते आधी नीट समजून घेऊ, कारण त्यावरून निवड सोपी होते. यातलं मुख्य द्रव्य म्हणजे ओलिओरेझिन कॅप्सिकम, थोडक्यात ओसी, मिरचीपासून काढलेला तेलकट, चिकट अर्क. त्यातलं कॅप्सेसिन आपल्या नसांवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. हा रिसेप्टर खरं तर उष्णतेसाठी असतो, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की तो मेंदूला भाजतंय म्हणून कळवतो, आणि कॅप्सेसिन लागलं की काहीही भाजत नसताना तोच निरोप जातो. हा रिसेप्टर १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना अर्देम पटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. पण स्प्रेच्या बाबतीत नुसतं झोंबणं हा मुद्दा नाहीच. डोळ्यांना आणि नाकातोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला सूज येते, पापण्या आपोआप घट्ट मिटतात, ठसका लागतो, श्वास अडखळतो. माणूस कितीही हट्टी असला तरी मिटलेल्या पापण्या जबरदस्तीने उघड्या ठेवणं त्याला अवघड जातं. जुने स्प्रे, १९६० च्या दशकात आलेले, सीएन नावाच्या अश्रुधुराच्या रसायनावर चालायचे, त्यांचा भर जळजळ आणि वेदनेवर होता, आणि दारू किंवा नशेत असलेल्या माणसाला वेदना तेवढी जाणवत नाही म्हणून तिथे ते कमी पडायचे. ओसी त्या मानाने बरा, पण तोही शंभर टक्के खात्रीचा नाही, याबद्दल पुढे बोलते.

साधारणपणे मुख्य परिणाम अर्धा ते पाऊण तास राहतो, जळजळ त्याहून जास्त वेळ. पण तुम्हाला पाऊण तास नकोच आहे हो. तुम्हाला हवेत सुरुवातीचे काही सेकंद, पळायला. स्प्रे मारून समोरच्याला धडा शिकवायचा, त्याला तिथेच थांबवून ठेवायचं, व्हिडिओ काढायचा, हे सगळं डोक्यातून काढून टाका. मारायचं आणि निघायचं.

आता लेबल. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १०% ओसी, १५% ओसी, आणि माणूस समजतो की १५ वालाच जास्त भारी. तसं नाहीये. हा टक्का फक्त एवढंच सांगतो की मिश्रणात अर्क किती घातलाय, पण तो अर्कच मुळात किती तिखट आहे ते सांगत नाही. पातळ कमी तिखट अर्क १८% घातला तरी तो १०% कडक अर्कापेक्षा मवाळ निघू शकतो. दुसरा आकडा असतो स्कोव्हिल युनिटचा, वीस लाख, पन्नास लाख असं काहीतरी. ही पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढली, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते मोजायचं. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख येतो. पण डब्यावर जो आकडा छापतात तो बऱ्याचदा मूळ अर्काचा असतो, डब्यात भरलेल्या पातळ मिश्रणाचा नसतोच, म्हणजे तोही फसवा. खरा उपयोगी आकडा म्हणजे मेजर कॅप्सेसिनॉइड्स, एमसी असं लिहितात, प्रयोगशाळेत मोजून काढलेला, पूर्ण मिश्रणात झोंबणारं द्रव्य नेमकं किती ते सांगणारा. सर्वसामान्यांसाठीच्या स्प्रेमध्ये तो साधारण ०.१८% ते १.३३% च्या दरम्यान असतो. ज्या कंपनीने हा आकडा छापलाय तिच्याकडे मी आधी बघते, ज्या डब्यावर नुसतं एक्स्ट्रा स्ट्राँग, मिलिटरी ग्रेड असली विशेषणं आहेत आणि एमसीही नाही, एक्स्पायरीही नाही, तो मी सरळ बाजूला ठेवते.

आणि अस्वलांसाठीचा स्प्रे माणसांवर चालेल का हे पण खूप जण विचारतात, कारण तो मोठा दिसतो. त्यात एमसी १ ते २% असतं, म्हणजे माणसांच्या कडक स्प्रेपेक्षा फार काही वेगळं नाही, फरक आहे तो फवाऱ्यात. तो लांबूनच मोठा ढग तयार करण्यासाठी बनवलेला असतो, उघड्या जंगलात धावून येणाऱ्या जनावरासाठी. अरुंद गल्लीत तो ढग तुमच्याही डोळ्यात जाणार. शिवाय डबा एवढा मोठा की रोज हातात धरून कोण चालणार? कुत्रा अंगावर आला तर मात्र साधा ओसी स्प्रेही कामाला येतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, फवारा कसा बाहेर येतो. धारेचा स्प्रे, म्हणजे स्ट्रीम, बारीक सरळ धार सोडतो, साधारण ३ ते ४ मीटर जातो, वाऱ्याचा त्रास कमी, पण नेम लागतो. हात थरथरत असताना बारीक धार डोळ्यांवर बसवणं सोपं नाही, म्हणून सराव हवा. कोन किंवा फॉगर धुक्यासारखा पसरतो, नेम फार लागत नाही, चेहऱ्याच्या दिशेने मारलं की श्वासातही जातो, पण वारा समोरून असेल तर तो परत तुमच्यावर येतो. जेल हा घट्ट असतो, चिकटून बसतो, लांब जातो, हवेत फारसा उडत नाही, म्हणून आजूबाजूला लोक असतील तर तो बरा, पण नेम तिथेही लागतो आणि परिणाम सुरू व्हायला किंचित जास्त वेळ लागू शकतो कारण तो श्वासात जात नाही, डोळ्यात पसरावा लागतो. फोमही असतो, साबणाच्या फेसासारखा, पोहोच कमी. मला विचाराल तर जी व्यक्ती पहिल्यांदा घेतेय आणि बहुतेक उघड्यावर चालते तिने धारेचा घ्यावा, आणि जिचा जास्त वेळ लोकांच्यात, जिन्यात, कॉरिडॉरमध्ये जातो तिने जेल. फॉगर मी सहसा कुणाला सुचवत नाही.

बंद जागेचं तर विशेष सांगते. लिफ्ट, गाडी, छोटी खोली इथे स्प्रे मारला की तो तुम्हालाही लागणारच, हे गृहीत धरूनच मारायचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकसभेत एका खासदाराने पेपर स्प्रे मारला होता ते आठवत असेल, एवढं मोठं उंच छताचं सभागृह, तरी खासदार खोकत, डोळे पुसत बाहेर पडले आणि काहींना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मग लिफ्टमध्ये काय होईल विचार करा. दुसरा काही मार्गच नसेल तर मारा, पण मारताना डोळे बारीक, श्वास रोखलेला आणि पाय दाराच्या दिशेने.

डबा हातात घेऊन बघा, हे ऑनलाइन घेताना राहून जातं. बटण अंगठ्याने दाबायचं असावं, कारण चार बोटांनी डबा मुठीत घट्ट राहतो आणि कुणी हिसकावायचा प्रयत्न केला तरी सुटत नाही, परफ्यूमच्या बाटलीसारखं तर्जनीने दाबायला गेलं की पकड ढिली होते. लॉक असलंच पाहिजे, नाहीतर खिशात उडेल. वर उचलायचं झाकण किंवा फिरवायचं लॉक, दोन्ही चालतात, पण अंधारात, घाम आलेल्या हाताने, हातमोजे घालून, डाव्या हाताने, सगळ्या परिस्थितीत ते उघडतंय ना बघा. ज्यांची बोटं दुखतात, संधिवात आहे अशा मोठ्या माणसांना फिरवायची लॉक जड जातात, त्यांच्यासाठी घेताना त्यांच्याच हातात देऊन बघा. नॉझलचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नुसत्या बोटाने चाचपून कळलं पाहिजे. लिपस्टिकसारखे, पेनसारखे दिसणारे स्प्रे मला अजिबात आवडत नाहीत, त्यांची दिशा गोंधळात उलटी होऊ शकते, फवारा जेमतेम, आणि तुमच्या हातात काहीतरी आहे हे समोरच्याला कळून तो थांबण्याची जी एक शक्यता असते ती पण जाते. काही स्प्रेमध्ये यूव्ही डाय असतो, डोळ्यांना न दिसणारा रंग जो खास दिव्याखाली चमकतो, पोलिसांना संशयित ओळखायला मदत होते, असेल तर चांगलंच.

घरी बनवलेल्या स्प्रेबद्दल कळकळीने सांगते, नका करू. मिरचीपूड पाण्यात घालून बाटलीत भरायची असे व्हिडिओ खूप फिरतात. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे पाण्यात तुम्ही भरलेली पूड तळाशी बसणार आणि नेमकं वेळेला नॉझल चोंदणार. दाब नसल्यामुळे पोहोचही नाही. नुसती पूड मुठीत धरून फेकायची म्हटलं तर वाऱ्याने ती कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही.

आता बाळगायचा कसा. जिथे धोका वाटतो तो पट्टा सुरू होण्याआधीच स्प्रे हातात घ्या, लॉक कसं उघडायचं ते अंगठ्याला माहीत असू दे, हात खाली, शरीराला लागून. किचेनला लावलेला असेल तर गाडी चालवताना तो इग्निशनमध्ये लटकणार आणि तुमच्या हातात नसणार, म्हणून पटकन सुटणारी क्लिप असलेला घ्या. जॅकेटचा किंवा पँटचा ठरलेला खिसा, रोज तोच. नवा डबा आणला की उघड्यावर जा, वारा पाठीवर घ्या, एक छोटा फवारा मारून बघा, किती लांब जातो, कसा पसरतो, आवाज कसा येतो. आणि पाणी भरलेले सरावाचे डबे मिळतात ते आणाच, झाडाच्या खोडावर चेहऱ्याच्या उंचीला कागद लावा आणि खिशातून काढणं, लॉक, नेम, फवारा, बाजूला सरकणं हे सगळं एका दमात करून बघा, पुन्हा पुन्हा, चालता चालता, धावून दम लागल्यावर. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांचे हात दुसऱ्या खेपेपासूनच वेगळे चालायला लागले.

प्रत्यक्ष वेळ आली तर आधी आवाज. मोकळा हात पुढे, तळवा समोर, आणि पोटातून ओरडा, मागे हो! तिथेच थांब! लाजू नका, सौजन्य वगैरे नंतर बघू. यात तीन गोष्टी होतात, समोरचा क्षणभर थांबतो, आजूबाजूचे बघतात, आणि तुमचा रोखलेला श्वास सुटतो. तो तरीही पुढे आला तर डोळ्यांच्या रेषेत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, अर्धा ते एक सेकंदाचा फवारा, लगेच बाजूला सरका, गरज पडली तर परत. चष्मा असेल तर भुवयांवर मारा म्हणजे खाली ओघळतं. सगळा डबा एकदम रिकामा करू नका, एकापेक्षा जास्त जण असू शकतात. अगदी हातभर अंतरावरून जोरदार धार थेट डोळ्यात मारली तर दाबामुळेच डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून शक्य असेल तिथे मीटरभर तरी अंतर ठेवूनच. आणि बाजूला सरकायचं का, तर डोळे मिटलेला माणूससुद्धा तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथेच झडप घालतो, मागे सरळ रेषेत गेलात तर सापडाल.

काहींवर परिणाम उशिरा होतो, काही जण सूज-ठसका सहन करूनही हात चालवतात, नशा, प्रचंड राग, नेम चुकणं, कारणं खूप. म्हणून फवारा मारून परिणाम बघत उभं राहायचं नाही, उजेड आणि माणसं आहेत त्या दिशेला पळायचं आणि पोलिसांना फोन करायचा. फोन तुम्ही स्वतः आधी करा, कुणी हल्ला केला, तुम्ही स्प्रे वापरला, तो माणूस कुठे आहे, त्याला श्वासाचा त्रास होत असेल तर तेही सांगा. दमा असलेल्या माणसाला हा स्प्रे धोकादायक ठरू शकतो आणि मदत बोलावणं हे माणूस म्हणूनही योग्य आहे आणि कायद्यानेही तुमच्या बाजूचं आहे. तो पळून चाललाय, खाली बसलाय, तर पुन्हा मारायचा नाही. भांडणात दाखवायला, पार्किंगच्या वादात धमकवायला, गंमत म्हणून मित्रावर, असा वापर केला तर गुन्हेगार तुम्ही ठराल.

स्वतःला लागला तर, आणि थोडाफार लागतोच, तर डोळे चोळू नका. हे सगळ्यात कठीण. वाऱ्याकडे तोंड करा, भराभर पापण्या मिटा-उघडा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर स्वच्छ हातांनी काढून टाका, गार पाणी भरपूर वाहू द्या. अर्क तेलकट असल्याने त्वचेवरून तो नुसत्या पाण्याने लवकर जात नाही, सौम्य शाम्पू किंवा भांडी धुण्याचा साबण लावून धुवा, क्रीम किंवा तेल लावू नका, त्याने ते अजून पसरतं. दुधाने बरं वाटतं म्हणतात, पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दूध, बेबी शाम्पू, अँटासिड, बधिर करणारी जेल आणि साधं पाणी यांची तुलना केली तेव्हा वेदना कमी होण्यात लक्षणीय फरक दिसला नाही, वेळ जाणं हाच मुख्य उपाय. डोळ्यात दूध घालून संसर्गाचा धोका घेण्यापेक्षा पाणी बरं. तासाभरानंतरही दिसायला धूसर असेल किंवा छाती भरून येत असेल तर डॉक्टर.

प्रवासाला निघताना तिथला कायदा बघून घ्या, प्लीज. ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली तो प्रतिबंधित शस्त्रात मोडतो, नुसता जवळ सापडला तरी गुन्हा. कॅनडात माणसांवर वापरण्यासाठी बनवलेला स्प्रे बेकायदेशीर आहे. जर्मनीत तो प्राण्यांना पळवायचा स्प्रे असं लेबल लावून विकतात. विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही अनेक एअरलाइन्स घेत नाहीत, तेव्हा आदल्या रात्रीच बॅगेच्या कप्प्यातून काढून ठेवा.

शेवटचं, एक्स्पायरी. डब्यातला तिखटपणा बराच टिकतो, जातो तो दाब, सीलमधून हळूहळू, म्हणून बहुतेक डब्यांचं आयुष्य दोन ते चार वर्षं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ४९-५० अंशांच्या वर डबा गळू किंवा फुटू शकतो आणि उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. कडाक्याच्या थंडीत दाब कमी पडतो, तेव्हा आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. अधूनमधून हलवून घ्या. तारीख उलटून गेली की नवा आणा, मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून टाका, आणि जुना लगेच फेकू नका, मोकळ्या माळावर, वारा पाठीशी घेऊन, त्याच्यावर शेवटचा सराव करून घ्या. खरा फवारा, खरा धक्का, खरा वास कसा असतो ते पाण्याच्या डब्याने कळत नाही. रिकामा झाला तरी त्याला भोक पाडू नका, जाळू नका, आत दाब उरलेला असतो.